गेल्या वर्षीची बाटली

“बोट घाल,” हे म्हणाले.

मी ओटीवर वालपापडी निवडत बसले होते. हात पदराला पुसला आणि घातलं बोट बाटलीत.

“काय वाटतं?”

“ऑईल वाटतं. दुसरं काय वाटणार?”

“मस्करी नको. आता ह्या बाटलीत घाल.”

दुसऱ्या बाटलीतलं ऑईल घट्ट होतं. बोटं लांब केली की गुळाच्या पाकासारखी तार धरत होतं. पहिलं मात्र बोटावरून सरळ ओघळून गेलं होतं.

“पातळ हाय ती यंदाची बाटली. घट्ट ती गेल्या वर्षीची.” यांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. “गाडी तीच, मेकॅनिक तोच, डबा त्याच कंपनीचा. मग आतलं ऑईल बदललं कसं? मी बँकेत गेलो तेवढ्यात सुकाने हात मारला. डब्यातलं काढून घेतलं नि भलतंच कायतरी ओतलं.”

“सुका तसा नाय हो.”

“मी पण तेच समजत होतो,” असं म्हणून यांनी बाटल्यांना बुचं लावली आणि त्या पिशवीत ठेवल्या.

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. कारण गेल्या वर्षीच्या बाटलीतलं ते घट्ट ऑईल सुकाने दिलेलंच नव्हतं. ते मी भरलं होतं.

आता आमच्या घरात बाटल्या कुठून आल्या ते आधी सांगायला हवं, नाहीतर ऐकणारा मला वेडी म्हणेल. यांची अख्खी नोकरी तारापूरच्या एका केमिकल कंपनीच्या स्टोअरमध्ये गेली. एकतीस वर्षं. ड्रम आले, टँकर आला की यांनी झाकण उघडायचं, वास घ्यायचा, थोडा माल छोट्या बाटलीत काढायचा, वर तारखेची चिठ्ठी चिकटवायची आणि बाटली कपाटात ठेवायची. पुढेमागे माल खराब निघाला तर ती बाटली साक्षीदार. एकदा अशाच बाटलीवरून यांनी पाणी मिसळलेला टँकर दारातून परत पाठवला होता आणि साहेबांनी सगळ्यांसमोर यांच्याशी हात मिळवला होता. आमच्या लग्नाचे फोटो यांनी कुणाला कधी दाखवले नसतील, पण त्या टँकरची गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने चहाबरोबर प्यायलेली आहे.

ज्याला संशयाचाच पगार मिळाला, त्याचा संशय रिटायर कसा होणार? तो यांच्याबरोबर घरी आला. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, वाळवून यांनी पडवीत एक फळी भरली. दुकानातलं गोडेतेल, घरामागच्या फुलांच्या वाडीत फवारायचं औषध, गाडीचं ऑईल, सगळ्यातलं बोटभर त्या बाटल्यांमध्ये. वर चिठ्ठी, तारीख, सही. मी एकदा म्हटलं, अहो, एवढं लक्षात राहत नाही का तुमच्या? तर म्हणाले, “आठवण खोटं बोलते, बाटली नाय बोलत.”

रिटायर झाल्यावर यांनी एक पांढरी व्हॅन घेतली. सकाळी बोईसरहून पाच बाया घ्यायच्या, कोळगावच्या जिल्हा कार्यालयात सोडायच्या, संध्याकाळी परत आणायच्या. व्हॅनचं काम पहिल्यापासून सुकाकडे. बेटेगावच्या फाट्यावर पत्र्याचं गॅरेज आहे त्याचं. दिवाळी झाली की ऑईल बदलायचं, आणि तोही एक सोहळाच. यांनी समोर उभं राहायचं, डब्याचं सील तुटताना बघायचं, नमुना काढायचा, रिकामा डबा घरी आणून कोयत्याने चिरायचा, कारण त्यात कुणी नकली ऑईल भरून विकलं तर? गाडीतून निघालेलं जळकं ऑईलसुद्धा घरी यायचं. ते वाडीतल्या मांडवाच्या खांबांना फासतात, वाळवी लागत नाही. सुका हसायचा. “काका, इंजिनाचा धूर पण भरून देऊ काय पिशवीत?” म्हणायचा. पण सगळं निमूट करायचा.

या जगात यांनी कधी न तपासलेली वस्तू एकच, ती म्हणजे मी. चारचौघांत सांगायचे, “प्रेमलाच्या हातचं बघायला लागत नाय.” अडतीस वर्षांत मला कधी पैठणी मिळाली नाही, आणि मी मागितलीही नाही. हे एक वाक्य मला पुरत होतं. खरं सांगते, त्याचा मला गर्व होता.

यंदा दसऱ्याला पडवी झाडताना फळीवरची एक बाटली माझ्या हातून पडून फुटली. व्हॅनच्या गेल्या वर्षीच्या ऑईलची. हे नेमके गाडी घेऊन गेले होते. आता संध्याकाळी पंचनामा होणार, कशी पडली, कुठल्या हाताने पडली, हात ओला होता का. सणासुदीला मला ते नको होतं. मी फुटक्या काचेवरची चिठ्ठी पाणी लावून सोडवली, भाताच्या शिताने दुसऱ्या बाटलीला चिकटवली आणि वाडीतल्या पंपाच्या खोलीत ऑईलचा डबा होता, त्यातलं ऑईल बाटलीत भरलं. मला वाटलं, ऑईल ते ऑईल. ओल्या नारळातलं पाणी जसं कुठल्याही झाडाचं असलं तरी पाणीच. बाटली फळीवर ठेवली आणि विसरून गेले.

आणि नोव्हेंबरात यांना बँकेत हयातीचा दाखला द्यायला जावं लागलं. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला दोन तास रांगेत उभे होते, तेवढ्या वेळात सुकाने ऑईल बदललं. पहिल्यांदाच सील यांच्या डोळ्यांआड तुटलं. डब्यात उरलेल्या ऑईलचा नमुना घेऊन हे घरी आले ते थेट फळीकडेच गेले.

दुपारी मला म्हणाले, “चल, बाजार पण होईल.” बाजार कसला, यांना साक्षीदार हवा होता. मी गेले. वाटेत सांगेन, वाटेत सांगेन, असं म्हणता म्हणता बेटेगाव आलं.

सुका एका रिक्षाखाली आडवा झाला होता. हाक ऐकून सरकत बाहेर आला, हात फडक्याला पुसले. यांनी दोन बाटल्या त्याच्या टेबलावर ठेवल्या.

“हे काय सुका?”

सुकाने दोन्हींत बोट बुडवलं. घट्ट ऑईल बोटांत चोळून बघितलं, वास घेतला. “काका, हे पातळ तुमच्या गाडीचं हाय. हे दुसरं चाळीस नंबर. पंपाचं.”

“चिठ्ठी बघ. तारीख बघ. गेल्या वर्षी तू घातलंस ते हे.”

“मी असलं घालीनच कसा? काका, घट्ट म्हणजे चांगलं असं नसतं. ह्या नव्या इंजिनात ऑईलच्या वाटा बारीक असतात. सकाळी चावी मारली की ऑईल पटकन वर चढायला पायजे. घट्ट असलं तर चढायला वेळ लावतं, तोवर लोखंड लोखंडावर घासतं. गेल्या वर्षी पण तुमी बोट बुडवलं होतं, पातळ हाय म्हणून माझ्यावर वराडला होता. मी गाडीचं पुस्तक काढून नंबर दाखवला तुमाला. आठवत नाय?”

हे थांबले. मला वाटलं, आठवलं यांना. कारण तसंच झालं होतं. त्या संध्याकाळी घरी येऊन स्वतः मला म्हणाले होते की नव्या गाड्यांना म्हणे पातळच लागतं. पण मग यांची नजर त्या चिठ्ठीवर गेली, आपल्याच हातच्या सहीवर, आणि चेहरा परत स्टोअरमधल्यासारखा झाला.

“मला काय आठवतं ते सोड. गेल्या वर्षभर गाडी ह्या बाटलीतल्या ऑईलवर चालली, एकदा कुरकुरली नाय. मग आता हे पाणी कशाला घातलंस?”

“देवाशपथ काका, सील तोडून तोच डबा ओतला. तुमच्या घरीच बाटली बदलली असेल.”

“माझ्या घरी?” हे हसले. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “माझ्या घरी ही असते. हिच्याशिवाय बाटलीला कोण हात लावत नाय. आता हिच्यावर पण बोलशील काय?”

सुका माझ्याकडे वळला. “काकी, तुमी तरी सांगा.”

तोंडाशी आलं होतं. एक वाक्य होतं. पण यांचं बोट अजून माझ्याकडे होतं, आणि त्या बोटात एवढा भरवसा होता की ते वाक्य मी गिळलं.

“मला गाडीतलं काय कळतं?” मी म्हटलं.

तेवढंच बोलले मी. एवढं पुरलं.

दुसऱ्या दिवशी बोईसरच्या स्टँडवर, जिथे आमच्यासारख्या बारा व्हॅन उभ्या असतात, तिथे यांनी सगळ्यांना बाटल्यांत बोटं घालायला लावली. हे कधी उगाच बोलत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक. टँकरवाली गोष्टही ठाऊक. प्रफुल्ल म्हणून एक व्हॅनवाला आहे, त्याने बाटल्यांचा फोटो काढून त्यांच्या ग्रुपवर टाकला. मग ज्याच्या त्याच्या गाडीत खोट दिसू लागली. एकाचं क्लच, एकाचा ब्रेक, एकाचं तर फक्त हॉर्न बिघडलं होतं, तेही सुकाच्याच नावावर गेलं. तीळ खाऊन व्रत मोडलं असतं तर निदान तीळ तरी खाल्ला असता. त्याने तोही खाल्ला नव्हता.

यांनी बोईसरच्या दुसऱ्या गॅरेजात पातळ ऑईल काढून चाळीस नंबर भरून घेतलं. तिथल्या भैयाने एकदाच विचारलं, “चाचा, पक्का यही डालना है?” हे म्हणाले, पक्का. त्याने डालून दिलं. त्याचं काय जात होतं?

आणि मग व्हॅन बोलायला लागली. सकाळी चालू केली की आतून टकटक टकटक, कुणीतरी पत्र्यावर सुपारी फोडत असल्यासारखी. थंडी वाढली तशी टकटकही वाढली. गाडी गॅसवर चालते, तो गॅस पूर्वीपेक्षा लवकर संपू लागला. तर हे म्हणाले, गॅसचा पंपवाला मापात मारतो. पंप बदलला. तरी तेच. मग म्हणाले, गॅसमध्येच भेसळ असणार. आता गॅस काय बाटलीत भरून ठेवणार होते? पण विचार तिथवर गेला होता, हे मी यांच्या तोंडावर वाचलं. कोळगावला जाणारी दीपिका, ती तिथे क्लार्क आहे, एकदा हसत म्हणाली, “काका, गाडीला खोकला झालाय. सुकादादाकडे दाखवा ना.” घरी येऊन मला हे सांगताना यांनी तोंड वाकडं केलं. मी घरी रोज ती टकटक ऐकत होते आणि रोज सकाळी चहाचं भांडं आपटून तिचा आवाज बुडवत होते.

असे तीन आठवडे गेले. एका सकाळी, हे फेरीला निघून गेल्यावर, वाडीकडच्या दारावर टकटक झाली. दारात बायडी उभी होती. सुकाची बायको.

“काकी, फुलं तोडायला बाई पायजे काय?”

“तू? तुला घरचं काम...”

“घरी काय काम? गॅरेजवर कोण येत नाय आता.” ती खालीच बसली, उंबऱ्याच्या बाहेर. “जॅक नि पंप विकायला काढलाय त्यांनी. ह्यांचा बापूस वीटभट्टीवर जायचा ना, हे पण लहान असताना तिथं विटा उचलायचे. माझं लगीन झालं तेव्हा बोलले होते, मरेन पण भट्टीवर नाय जाणार. परवा भट्टीचा मुकादम आला. त्याला घरात बसवून चा पाजला.”

ती घाईघाईने म्हणाली, “काकी, मी भांडायला नाय आले हां. काम मागायला आले.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिला टोपली दिली. ती मोगऱ्याच्या ओळीत वाकली आणि मी तिच्या पाठीकडे बघत उभी राहिले. एका फुटक्या बाटलीचा पंचनामा चुकवायला मी एका माणसाचं गॅरेज मोडलं होतं. आणि खरं तर पंचनाम्याची भीतीही कधीच संपली होती. मला माझं ते एक वाक्य जपायचं होतं. स्वतःची लाज वाटली.

हे दुपारी जेवायला आले. पान वाढण्याआधीच मी सांगितलं. दसरा, फुटकी काच, भाताचं शीत, पंपाचा डबा, सगळं.

हे ऐकत राहिले. मग एवढंच विचारलं, “कुठल्या डब्यातलं?”

“लाल झाकणाच्या.”

उठले. फळीवरून बाटली घेतली आणि पंपाच्या खोलीत गेले. मी मागे गेले. लाल झाकण उघडून यांनी डब्यात बोट घातलं, मग बाटलीत घातलं, दोन्ही बोटं उजेडात धरून चोळली, वास घेतला. माझी कबुलीही यांनी तपासून घेतली. मग मोरीवर जाऊन साबणाने हात धुतले, धुतच राहिले.

“सुकाने तुला विचारलं, तेव्हा तू तिथंच होतीस.”

“होते.”

“मी तुझं नाव घेतलं.”

“घेतलंत.”

“भात वाढ,” हे म्हणाले.

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. मी त्याची तयारी ठेवली होती. पण हे पूर्ण जेवले, ताट उचललं आणि चारच्या फेरीला निघून गेले. त्या शांतपणाची मात्र माझी काही तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच व्हॅनमध्ये जाऊन बसले. म्हटलं, “स्टँडवर मी सांगते. माझं पाप आहे.” यांनी गाडी चालू केली. टकटक सुरू झाली.

स्टँडवर यांनी प्रफुल्लला हाक मारली, बाकीचे आपोआप गोळा झाले. मी दार उघडून खाली उतरले, तोंड उघडलं, तर यांनी हात आडवा केला.

“सुकाची काय चूक नाय,” हे म्हणाले. “बाटली माझ्या हातून फुटली होती. मीच पंपाचं ऑईल भरलं नि विसरलो. वय झालं. फुकट पोराचं नाव खराब केलं मी. प्रफुल्ल, हे ग्रुपवर टाक. माझ्या नावाने टाक.”

एकजण खोकला. प्रफुल्ल म्हणाला, “काका, तुमी? बाटली विसरलात?” आणि हसला. मागून कुणीतरी म्हणालं, “टँकर पण असाच परत पाठवला असणार.” सगळे हसले. हे खाली मान घालून उभे राहिले. एकतीस वर्षांची अब्रू होती ती, माझ्यासाठी यांनी ती स्टँडवर ओतून टाकली. खोटं बोलताना मी या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. मला रडू फुटलं आणि लोकांना वाटलं, नवऱ्याच्या फजितीमुळे रडते.

बायांना कोळगावला सोडून आम्ही बेटेगावला गेलो. सुका एकटाच स्टुलावर बसला होता. यांनी त्यालाही तेच सांगितलं. सुकाने ऐकलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. पण त्याला कळलं, हे मला कळलं.

“झालं ना काका. सोडा,” तो म्हणाला.

“हे घट्ट काढून टाक. तुला पायजे ते घाल. मी नाय बघत.” असं म्हणून हे पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. यांच्या परीने ती मोठी माफी होती.

सुका नवा डबा घेऊन यांच्या समोर येऊन उभा राहिला. “नाय काका, बगा. सील बगा, नंबर बगा. तुमी बगितल्याशिवाय मी तोडणार नाय. आता कुणाचंच तोडत नाय.”

यांनी चष्मा लावला आणि बघितलं. पूर्वी सुका गालात हसत सील दाखवायचा. आज हसला नाही. ऑईल आत गेलं, गाडी चालू झाली, टकटक दोन दिवसांत पुष्कळ कमी झाली. मुकादमाला सुकाने नाही म्हणून कळवलं असं बायडीने सांगितलं. बारापैकी सात व्हॅन त्याच्याकडे परत आल्या. पाच आल्या नाहीत. ‘काहीतरी असणारच’ असं म्हणणारे लोक असतातच.

हे माझ्याशी नीट बोलतात. बाजाराला काय आणू विचारतात, भाजीत मीठ कमी पडलं तर सांगतात. बाटलीचा विषय यांनी परत काढला नाही. मीच एकदा म्हटलं, “रागवा ना हो, मोकळे तरी व्हाल.” तर म्हणाले, “रागवायचं काय? फुटते एकेकदा.”

त्या रात्री जेवण झाल्यावर मी यांची ब्लडप्रेशरची गोळी आणली. इतकी वर्षं मी पाकिटातून गोळी काढून तळहातावर ठेवायची आणि यांनी टीव्हीकडे बघत ती तोंडात टाकायची, असंच चालत आलेलं. त्या दिवशीही मी हात पुढे केला. यांनी गोळी घेतली नाही.

“पाकीट कुठे हाय?” यांनी हळूच विचारलं.

मी पाकीट आणून दिलं. यांनी खिशातून चष्मा काढला, नाव वाचलं, मागची तारीख वाचली, माझ्या तळहातावरची गोळी त्या पाकिटातल्या गोळ्यांशेजारी धरून पाहिली. मग तोंडात टाकली.

मी पाण्याचं भांडं हातात घेऊन उभी होते. हे उठले आणि माठाकडे गेले.